नीटचा दुसरा प्रयत्न : पहिला नेमका कुठे कमी पडला हे कसे शोधावे?

पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. माझ्या मुलीने ४ मे २०२५ रोजी नीट दिली. बारावी सांभाळून दिलेला तो तिचा पहिलाच प्रयत्न होता आणि त्यात तिला ७२० पैकी ४३१ गुण मिळाले : जीवशास्त्रात २६८, रसायनशास्त्रात ९८ आणि भौतिकशास्त्रात ६५. राज्य कोट्याच्या याद्या लागत गेल्या तशी प्रत्येक यादी आम्ही शेवटच्या पानापर्यंत पाहिली, परंतु शासकीय महाविद्यालयात एमबीबीएससाठी तिचे नाव कुठेही आले नाही. आयुर्वेदाला प्रवेश मिळण्यासारखा आहे. तिला मात्र एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची आहे, आणि तिच्या इच्छेला घरातून कोणाचीही हरकत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. ताळेबंद जुळला नाही तर तीच बेरीज पुन्हा करून तो जुळत नाही. चूक ज्या नोंदीत आहे ती नोंद सापडावी लागते. आमच्या ओळखीतल्या दोन मुलांनी वर्षभर थांबून तेच क्लास, त्याच वह्या, तेच वेळापत्रक पुन्हा केले आणि गुण जवळजवळ तेवढेच आले. तसे होऊ नये म्हणून सुरुवात कुठून करावी हे अनुभवी मंडळींनी सांगावे. एका नातेवाइकांचे म्हणणे असे, की रुग्णालयात सेवा केल्याचे किंवा खेळाचे प्रमाणपत्र जोडले तर दुसऱ्या वेळच्या अर्जाला वजन येते. हे खरे आहे का? कागदपत्रांत काही बदल करावा लागतो का, हेही समजले तर बरे होईल.

निवासी

काका, मी स्वतः दुसऱ्या प्रयत्नात लागलो. सोलापूरच्याच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले आणि आता पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला जवळचा आहे.

प्रमाणपत्रांचा विषय आधी संपवतो. परदेशातल्या काही विद्यापीठांत अर्जासोबत निबंध, शिफारसपत्रे, सेवेचा अनुभव आणि मुलाखत हे सारे पाहिले जाते, आणि तिथे दुसऱ्यांदा अर्ज करणारे विद्यार्थी त्याच गोष्टी सुधारतात. आपल्याकडे अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा असोत किंवा राज्याच्या ८५ टक्के, गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवरच लागते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हा एक अपवाद आहे; तिथे नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत असते, परंतु तिथवर पोहोचायलाही नीटचे गुण भरपूर लागतात. मुलीला रुग्णसेवेची ओढ असेल तर तिने ती अवश्य करावी, फक्त त्याने यादीतला क्रमांक हलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता मुख्य मुद्दा. परीक्षेची प्रश्नपुस्तिका विद्यार्थ्यांना घरी नेता येते, उत्तरपत्रिकेची प्रत संकेतस्थळावरून मिळते आणि अंतिम उत्तरसूचीही प्रसिद्ध होते. या तीन गोष्टी शेजारी ठेवून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण लिहून काढा. कारणे तीनच ठेवा : येत होते पण घाईत चुकले, दोन पर्यायांपर्यंत आले पण त्यातला चुकीचा निवडला, मुळात येतच नव्हते. हे काम मुलीने स्वतः करावे, तुम्ही फक्त शेजारी बसावे. मी पहिल्या निकालानंतर हे केले नाही. ऑगस्टपर्यंत नवी पुस्तके जमवत राहिलो आणि दिवाळीला माझ्या लक्षात आले, की मला जे आधीपासून येत होते तेच मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

एक सावधगिरी आणखी. शेजारच्या मुलाला २०२४ मध्ये किती गुण होते, ही तुलना करू नका. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते आणि सुधारित निकालात तो आकडा १७ वर आला. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. एवढा फरक पडल्यावर ४३१ या आकड्याला त्या वर्षाच्या क्रमांकाशिवाय काहीच अर्थ उरत नाही. तुलना करायचीच असेल तर क्रमांकाची करा.

कडक_भाकरी

माझा मुलगा मागच्या वर्षी नीटच्या क्लाससाठी लातूरला राहून आला, म्हणून लिहिते. तिथे शिस्त आहे, चाचण्या वेळेवर होतात आणि आजूबाजूची सगळी मुले त्याच अभ्यासात असतात, हे खरे. परंतु पहिले दोन महिने त्याचे मेस, खोली आणि घरची आठवण यातच गेले, आणि वर्गात सर्वांसाठी एकच वेग असल्यामुळे त्याला जो भाग मुळापासून हवा होता तो तिथेही भरभरच झाला. त्याचे गुण वाढले, पण जीवशास्त्रात वाढले, जिथे ते आधीच बरे होते. तुमच्या मुलीला ६५ गुण असलेला विषय कोण शांतपणे शिकवणार, हे ठरवून मग गाव ठरवा.

बाळीवेस

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वर डॉक्टरांनी सांगितलेली छाननी झाल्याशिवाय कोणत्याही क्लासची फी भरू नये, असे मीही आग्रहाने सांगेन.

जीवशास्त्रात ३६० पैकी २६८ म्हणजे विषय समजतो, पण मजकूर पक्का नाही. आपल्या राज्य मंडळाची मुले इथे एका ठरावीक प्रकारे अडतात. मंडळाच्या पुस्तकात एखादी गोष्ट एका पद्धतीने मांडलेली असते आणि केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात तीच थोड्या वेगळ्या शब्दांत, वेगळ्या उदाहरणासह येते. नीटमधले विधान बहुतेक वेळा एनसीईआरटीच्या वाक्याच्या इतके जवळ असते, की एक शब्द बदलला की विधान चूक ठरते. मुलगी बारावीच्या गुणांसाठी मंडळाचे पुस्तक वाचून गेली असेल तर ती दोन पर्यायांपर्यंत पोहोचते आणि तिथे अडखळते. यावर्षी तिला बारावी पुन्हा द्यायची नाही, ही तिच्या हातातली सर्वांत मोठी मोकळीक आहे. मंडळाची पुस्तके आता बाजूला ठेवावीत आणि एनसीईआरटीचे एकेक प्रकरण आकृत्यांखालच्या ओळी, तक्ते आणि शेवटच्या सारांशासह वाचावे. वाचून झाले की पुस्तक मिटून आकृती कोऱ्या कागदावर काढावी आणि तिला नावे द्यावीत. माझ्या वर्गात मूत्रपिंडातील नेफ्रॉनची आकृती सगळ्यांना ओळखता येते. पण हेन्लेच्या वळणाचा उतरता भाग पाण्याला पार्य आहे की चढता, हे पुस्तक मिटल्यावर निम्मी मुले उलट सांगतात. नीटला तेवढेच विचारलेले असते.

जुनी मार्गदर्शके वापरत असाल तर एक गोष्ट तपासा. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातला काही भाग कमी झाला आहे, आणि २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न जाऊन १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे आहेत. त्याआधीच्या तीन वर्षांच्या सराव पत्रिका २०० प्रश्न आणि २०० मिनिटांच्या हिशेबाने केलेल्या आहेत. तो वेग अंगवळणी पडला तर तोटाच होईल.

आणि सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच याच वेळेत घ्या. क्लासमध्ये त्या सोयीसाठी सकाळी घेतात. प्रत्यक्ष परीक्षा मे महिन्यात, दुपारी, आपल्या सोलापूरच्या उन्हात असते. दीड वाजता केंद्राचे फाटक बंद होते, म्हणजे मूल त्याआधी तासभर तरी रांगेत तापलेले असते. मार्चपासून दर रविवारी तिने दुपारचे जेवण बेताचे घेऊन, बरोबर दोन वाजता पेपर उघडावा.

माळढोक

कागदपत्रांबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरी नुकसान तिथेच झाले. मुलाचा क्रमांक आमच्या प्रवर्गातून एका शासकीय महाविद्यालयात बसत होता. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हाती नव्हते, त्याला खुल्या प्रवर्गात धरले गेले आणि ती जागा गेली. अर्ज आम्ही बारावीच्या निकालानंतर केला होता. दोष कार्यालयाला देऊन काही मिळणार नव्हते, उशीर आमचा होता.

आम्ही इतर मागास प्रवर्गातले. या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात होती, पण तारीख त्यानंतरची. मग मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन आजोबांच्या शाळेची जुनी प्रवेश नोंदवही काढावी लागली. पाने पिवळी पडून कडा झडलेल्या त्या वहीत आजोबांचे नाव सापडले, जातीचा रकाना भरलेला होता, पण आडनावाच्या जागी फक्त वडिलांचे नाव होते. ते आजोबाच आहेत हे दाखवायला वंशावळीचे शपथपत्र आणि आणखी दोन कागद जोडावे लागले. हे सारे होण्यात पावसाळा गेला. ज्यांची वैधता अजून झालेली नाही त्यांनी हा धागा वाचून झाल्यावर उद्याच कामाला लागावे. मुलगी आता महाविद्यालयात नसली तरी जिथून बारावी केली तिथल्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे पत्र घेऊन अर्ज करता येतो.

वैधता एकदा झाली की ती कायमची असते. नॉन-क्रीमी लेअरचे, म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राचे, तसे नाही, आणि दुसऱ्यांदा अर्ज करणारे हमखास इथे फसतात, कारण फाइलमध्ये कागद असतो आणि आपल्याला वाटते की तो चालेल. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असलेले हवे. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागते, राज्याचे तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दरवर्षी नवे काढावे लागते.

पूर्व भागातल्या तेलुगू भाषक मंडळींसाठी दोन गोष्टी. राज्यात विशेष मागास प्रवर्ग आहे, परंतु नीटच्या अर्जात तो रकानाच नाही. तिथे केंद्रीय यादीत आपली जात इतर मागासवर्गात आहे का ते पाहून रकाना भरायचा असतो आणि राज्याचा प्रवर्ग पुढे राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाच्या अर्जात सांगायचा असतो. दुसरे, तेलुगू आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि वडिलांच्या दाखल्यावर तिसरे असते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचे सारे नीटचा अर्ज सुरू होण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. मध्ये वर्ष गेल्याबद्दल काही महाविद्यालये शपथपत्र मागतात, ते ऐनवेळी करता येते, त्याची चिंता नको.

सीमेवरचा

मी अक्कलकोट तालुक्यातला आहे. माझ्या भावाने दहावी इथे केली आणि बारावी कर्नाटकात, कारण ते महाविद्यालय घरापासून जवळ होते. अधिवास प्रमाणपत्र महाराष्ट्राचे आहे. दुसऱ्या प्रयत्नात त्याला राज्याच्या कोट्यातून अर्ज करता येईल का?

माळढोक

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आणि वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत; तुमचे गाव महाराष्ट्रातच असल्यामुळे सीमाभागाची तरतूद तुम्हाला लागू होत नाही. अखिल भारतीय कोट्याच्या जागा त्याला खुल्या आहेत. हा प्रश्न दहावीनंतर विचारला जायला हवा होता, म्हणून तालुक्यातल्या इतर पालकांपर्यंत ही अट अवश्य पोहोचवा.

पूर्वभाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तीन संध्याकाळी पेपर घेऊन बसलो. पहिल्या दिवशी मुलीला ती पुस्तिका उघडवेना. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच लाल पेन्सिल मागून घेतली.

तिचे ११९ प्रश्न बरोबर, ४५ चूक आणि १६ कोरे. चुकलेल्या ४५ ची वाटणी अशी झाली : घाईचे ११, दोन पर्यायांतले १९, न येणारे १५. घाईच्या ११ पैकी पाच जीवशास्त्रातले आहेत आणि पाचही ठिकाणी प्रश्न ‘चुकीचे विधान ओळखा’ असा असताना तिने बरोबर विधान निवडले आहे. चार ठिकाणी आकडेमोड किंवा एकक चुकले. आणि दोन भौतिकशास्त्रातले असे, की पुस्तिकेवर तिने केलेली खूण बरोबर आहे, उत्तरपत्रिकेत मात्र शेजारचे वर्तुळ रंगवले गेले. ते दोन पाहून ती बराच वेळ गप्प बसली होती. कारण विचारले तेव्हा कळले, की तिने जीवशास्त्र आधी घेतले, भौतिकशास्त्र शेवटी, आणि सगळी वर्तुळे शेवटच्या काही मिनिटांत रंगवायला ठेवली होती.

कोऱ्या १६ पैकी १० भौतिकशास्त्रातले आहेत. परिवलन गती आणि विद्युत चुंबकीय प्रवर्तन ही प्रकरणे तिने बारावीच्या वर्षात कधी पूर्ण केलीच नव्हती, असे तिने सांगितले. मला हे आजवर माहीत नव्हते. मी दर महिन्याला क्लासच्या चाचणीचे एकूण गुण तेवढे पाहत होतो.

माझा हिशेब असा. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर चार मिळतात आणि गेलेला एक वाचतो, म्हणजे पाच गुणांचा फरक. घाईचे ११ सावरले तर ५५ गुण. न येणारे १५ कोरे सोडले असते तर आणखी १५. म्हणजे नवीन एकही प्रकरण न शिकता ४३१ चे ५०१ होतात. हे बरोबर आहे का?

निवासी

काका, फार चांगले काम केलेत, आणि मुलीला विशेष शाबासकी. तो पेपर पुन्हा उघडायला किती जड जाते ते मला माहीत आहे. घाईच्या ५५ गुणांबद्दल तुमचे बरोबर आहे. वर्तुळे प्रत्येक पान संपले की लगेच रंगवायची आणि प्रश्नातला ‘चुकीचे’ हा शब्द दिसला की त्याभोवती गोल करायचा, या दोन सवयी आतापासूनच प्रत्येक सराव पेपरात लावा. परीक्षेच्या आठवड्यात ठरवलेली सवय तिथे टिकत नाही.

पंधरा गुणांचा हिशेब मात्र एकतर्फी झाला आहे. तुम्ही अंदाजाने चुकलेले प्रश्न मोजलेत, अंदाजाने बरोबर आलेले मोजले नाहीत. बरोबर ११९ पैकी किती तिला खात्रीने येत होते? चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिले तरी चारांत एक बरोबर येऊन चार मिळतात आणि तिघांचे तीन जातात, त्यामुळे सरासरी नुकसान होत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर फायदाच होतो. कोरे सोडण्यावर एवढा भर देऊ नका. खरा धोका असा, की नशिबाने आलेले बरोबर प्रश्न विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी पक्के वाटतात आणि तो ते प्रकरण उघडतच नाही. त्या ११९ वरही एकदा पेन्सिल फिरवा.

भौतिकशास्त्राबद्दल : २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक होता आणि अनेकांची तिथेच दमछाक झाली, त्यामुळे तिने न्यूनगंड बाळगू नये. परंतु न शिकलेली प्रकरणे चाचण्या देऊन येत नाहीत. पहिले तीन महिने तिने एकही पूर्ण पेपर सोडवला नाही तरी चालेल. रोज सकाळचे ताजे दोन तास त्या प्रकरणांना द्यावेत, उदाहरण आधी स्वतः सोडवावे, अडल्यावर ज्या ओळीवर अडले ती ओळ वहीत लिहावी आणि मगच उत्तर पाहावे. माझी ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात शंभरएक ओळी असतील, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी मी एकाच कारणाने अडलो होतो : कोणत्या अक्षाभोवती परिवलन घ्यायचे तेच मी ठरवत नव्हतो.

हुरडा

मी तीन प्रयत्न केले आणि तिन्हींत एमबीबीएस मिळाले नाही. आता भौतिकोपचाराचे शिक्षण घेत आहे आणि समाधानी आहे. इथे कोणाला नाउमेद करायचे नाही, परंतु एक गोष्ट सांगायला हवी. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही नाही. त्यामुळे थांबायचे कुठे हे नियम ठरवत नाही, घरातल्यांना ठरवावे लागते, आणि ते निकालानंतर ठरवता येत नाही, कारण तेव्हा प्रत्येकाला अजून थोडेच कमी पडले असे वाटत असते. आमच्या घरी ते बोलणे कधी झालेच नाही. दुसऱ्या वर्षी वडील दर रात्री किती पाने झाली ते विचारायचे आणि मी खोटे आकडे सांगायचो.

पूर्वभाग काका, मुलीशी आत्ताच बसून बोला : हा एकच प्रयत्न की आणखी एक, आणि नाही झाले तर आयुर्वेद, दंतवैद्यक, परिचर्या, बी.एस्सी. यांपैकी काय. तिच्या मनात दुसरी वाट स्पष्ट असेल तर तिला पहिल्या वाटेवर निर्धास्त चालता येईल. वर्षाच्या मध्ये झोप उडाली, जेवण तुटले, रडू येऊ लागले तर तो आळस समजू नका. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मी बोललो होतो आणि मला त्याचा उपयोग झाला.

कडक_भाकरी

हुरडा, तुमचे वाचून डोळे भरून आले. रात्री पाने विचारणे मीही करत होते. आता करणार नाही.

माळढोक

पसंतीक्रमाबद्दल लिहायचे राहिले होते. बरेच पालक आदल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून, मिळेल असे वाटणारे महाविद्यालय वर आणि हवेसे वाटणारे खाली लिहितात. वाटप आधी क्रमांकाने आणि मग आपल्या पसंतीच्या क्रमाने होते. हवेसे महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. त्यामुळे खऱ्या इच्छेचा क्रम लावावा. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तरच स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरावा, कारण तो भरला की पुढच्या फेऱ्यांत आपला विचार होत नाही. आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, हेही ध्यानात ठेवून क्रम लावावा.

जुनी यादी पुन्हा वापरू नका. २०२४ मध्ये राज्यात मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ अशी दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. आपल्या जवळ बारामती आणि धाराशिव त्याआधीची. सोलापूरच्या मुलांच्या यादीत गडचिरोली, वाशीम सहसा नसतात, पण दूरचे असले तरी ते शासकीय एमबीबीएसच आहे. कोणी विभागवार ७०:३० कोट्याचा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) हवाला देत असेल तर तो २०२० मध्येच रद्द झालेला आहे, त्यावर यादी बेतू नका.

आणखी एक. इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. अभिमत विद्यापीठे त्यात नाहीत. खासगी महाविद्यालये यादीत घ्यायची की नाही हे ठरवताना मुलींच्या पालकांनी हा निर्णय नीट वाचावा.

निवासी

माळढोक काकांचे शब्दन्‌शब्द पटले. वाशीमबद्दल विशेष. आपल्या सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात कलबुर्गी, विजयपूरकडचेही रुग्ण येतात, आणि पूर्व भागातल्या आजींशी तेलुगूत दोन वाक्ये बोलणारा विद्यार्थी वॉर्डात सर्वांना हवा असतो. पूर्वभाग काकांची मुलगी एमबीबीएस कुठेही करो, इथे परत आली तर तिची ती भाषा फार उपयोगी पडेल. पण यादी करताना फक्त सोलापूर धरून बसू नका.

पूर्वभाग

दीड महिन्याने लिहीत आहे. बरोबर आलेल्या ११९ वर मुलीने पेन्सिल फिरवली. चौदा प्रश्न अंदाजाने बरोबर आले होते आणि त्यांतले नऊ असेंद्रिय रसायनातले निघाले. म्हणजे ज्या भागाला आम्ही बरा समजत होतो तो पोकळ होता. माझा ५०१ चा आकडा मी वहीतून खोडला आहे.

ठरले ते असे. लातूरला पाठवत नाही. भौतिकशास्त्रासाठी अशोक चौकाजवळ एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून चार दिवस शिकवायला तयार झाले आहेत. परिवलन गती संपली, आता प्रवर्तन सुरू आहे. बाळीवेस मॅडमच्या सांगण्यावरून मंडळाची पुस्तके माळ्यावर गेली. मुलीच्या आणि माझ्या आडनावातल्या स्पेलिंगचा फरक आधारवर दुरुस्त झाला. जात वैधता पूर्वीच झालेली आहे. नॉन-क्रीमी लेअरच्या दोन्ही नमुन्यांसाठी लागणारे उत्पन्नाचे कागद एका पिशवीत काढून ठेवले आहेत. हुरडा यांनी सांगितलेले बोलणेही झाले. ती म्हणाली, हा प्रयत्न शेवटचा, नंतर आयुर्वेद. आणि तिच्या आईने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. मी रात्री पाने विचारत नाही. रविवारी ती स्वतःच अडलेल्या ओळींची वही माझ्यासमोर ठेवते. मला त्यातले काही कळत नाही, तरी मी ती ओळ न ओळ वाचतो.

एक विचारायचे आहे. गड्ड्याची यात्रा झाली की, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून, दर रविवारी दुपारी दोन ते पाच पूर्ण पेपर घ्यायचा विचार आहे. आमच्या घराच्या वरच्या खोलीत, पत्र्याखाली, पाच मुले बसू शकतील. पंखा आहे, माठ भरून ठेवू, घड्याळ मी लावीन आणि उत्तरपत्रिका छापील आणून देईन. पूर्व भागातली दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी आणखी चार मुले-मुली असतील तर त्यांच्या पालकांनी मला इथेच निरोप द्यावा. दीड वाजता दार बंद होईल.